चार आकड्यांचं कुलूप

आमची सायकल चोरीला गेली नाही. कुलूप चांगलं निघालं. इराप्पामामांचं काम मात्र गेलं.

पण ते आत्ता नको. तसलं काही झालेलंच नाही असं धरून चालू. मामांचे चार माग अजून मामांकडेच आहेत, सुट्टीचा दिवस आहे, सकाळचे अकरा वाजलेत आणि आम्ही दोघं गौसभाईंच्या सायकल दुकानात कुलूप बघतोय.

"कशाला पायजे कुलूप?" गौसभाईंनी विचारलं.

"सायकलीला," मी म्हणालो.

"असं व्हय. मला वाटलं तोंडाला. तुझ्या तोंडाला बसंल असं कुलूप अजून कुठल्या कंपनीनं काढलेलं न्हाई, शीतल."

शीतल हे माझं नाव. आमच्या भागात पुरुषाचंही असतं. बाहेरगावचे लोक पत्रावर कुमारी लिहितात, मी दुरुस्त करत नाही. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि कारखान्यात माझी ओळख दोन गोष्टींसाठी होती: नकला करण्यासाठी आणि किल्ल्या हरवण्यासाठी.

इचलकरंजीत माग झोपत नाहीत. माणसं पाळीपाळीनं झोपतात. सकाळी सात ते संध्याकाळी सात सतरा ते वीस नंबरचे चार माग माझे, आणि संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत तेच चार माग मामांचे. मामा म्हणजे नात्यानं कोणी नव्हेत. अथणीकडचे इराप्पा म्हेत्रे, वय पंचावन्नच्या पुढे, मागावर आयुष्य गेलेलं. खोली आमची एकच, खाट एकच, वाकळ एकच. मी उठून जायचो तेव्हा मामा येऊन झोपायचे. ती वाकळ थंड झालेली मी कधी बघितली नाही. त्यांची बायको गावाकडं असायची. ती म्हणायची, माझ्यापेक्षा यांचा जास्त संसार त्या पोरासंगं झालाय.

सायकलही एकच. सकाळी मी तिच्यावरून कारखान्यात जायचो, रस्त्याच्या कडेच्या भिंतीला लावून आत शिरायचो. सात वाजता मामा बाहेर पडून तीच सायकल घेऊन खोलीवर. संध्याकाळी मामा तिच्यावरून कारखान्यात, आणि मी तिच्यावरून खोलीवर. अंतर अडीच किलोमीटर. दिवसाला चार खेपा, दोन माणसं, एक सायकल, आणि कोणीही पायी नाही. हा हिशेब मी जुळवला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

हिशेबात फक्त दहा मिनिटांचं भोक होतं. मी सायकल लावल्यापासून मामा बाहेर येईपर्यंतची दहा मिनिटं. आधीच्या सायकलीच्या दोन किल्ल्यांपैकी एक मी संडासात पाडली होती. उरलेली किल्ली एकाकडं आणि सायकल दुसऱ्याकडं असं होऊ लागलं, म्हणून आम्ही कुलूप लावायचंच बंद केलं. दहा मिनिटांत काय होतंय, असं आमचं मत होतं. चोराला सात पुरली.

तर नवी सायकल आली होती, जुनीच, पण आम्हाला नवी. आता कुलूप असं पाहिजे होतं की एकानं लावावं, दुसऱ्यानं उघडावं, आणि मध्ये दोघांची भेट व्हायची गरज नसावी.

गौसभाईंनी काऊंटरवर तीन कुलपं ठेवली. मागच्या चाकाला बसवायचं किल्लीचं, साखळीचं किल्लीचं, आणि साखळीचंच पण आकड्यांचं. मामांनी एकेक उचललं. हातात तोललं, दाबून बघितलं, कानाशी नेऊन खटका ऐकला. डोळ्यांनी बघतच नव्हते, बोटांनी बघत होते. मला वाटलं, अनुभव म्हणतात तो हा.

"हे किल्लीचं बरं हाय," मामा म्हणाले. "दोन किल्ल्या हैत. एक तुला, एक मला."

"माझी किती दिवस टिकंल?"

"गळ्यात बांध."

"मागाच्या पट्ट्यात दोरी अडकली तर किल्ली ऱ्हाईल मामा, गळा जाईल."

"मग हे घ्या," गौसभाईंनी तिसरं पुढं सरकवलं. "चार आकडे. किल्लीच न्हाई म्हटल्यावर हरवायची सोयच न्हाई. चोरानं उघडायचं म्हटलं तर धा हजार येळा फिरवायला लागंल. एवढं कष्ट करायची तयारी असती तर गडी चोर झाला असता का? तुमच्यागत मागावर नसता का गेला?"

मामांनी ते पुन्हा हातात घेतलं. अंगठ्यानं एक चाक फिरवलं. टिक. टिक. टिक.

"आकडं लई बारीक हैत," ते म्हणाले.

"बारीक हैत म्हणून तर चोराला दिसायचे न्हाईत," मी म्हणालो.

आम्ही तिघं हसलो. मामा जरा उशिरा हसले.

"तुला पायजे तर घे," ते म्हणाले.

मी घेतलं. उघडायचा आकडा मीच ठरवला, एक सात दोन शून्य. सतरा ते वीस. विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही.

परत येताना मामांनी त्यांचं ते नेहमीचं सांगितलं. त्यांचा मुलगा बसू अथणीला आयटीआय करत होता, शेवटचं वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात संपणार. "तवर माग टिकलं पायजेत," मामा म्हणाले. "मग मला काढू दे न्हाईतर ठेवू दे. बसू मागावर आला न्हाई म्हणजे मी जिंकलो."

माग टिकण्याचा प्रश्न खरा होता. शेट दिवाळीनंतर जुने माग मोडीत काढून नवे बसवणार होते. दोन माणसं कमी होणार होती. नावं द्यायची होती चौगुले जॉबरनं. मागाची दुरुस्ती आणि माणसांवरची नजर, दोन्ही कामं त्याच्याकडं. मामांच्या कापडात हल्ली दोष निघत होते. तार तुटून जायची आणि हातभर कापड तसंच विणलं जायचं. चौगुले दोनदा बोलला होता. तिसऱ्यांदा बोलला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

पहिले पंधरा दिवस कुलूप झकास चाललं. मी सकाळी सायकल लावायचो, साखळी चाकातून आणि दांडीतून घालायचो आणि चारी आकडे शून्यावर आणून ठेवायचो. संध्याकाळी बघावं तर सायकल त्याच जागी, साखळी तशीच, आकडे चारी शून्यावर. मामा एवढे टापटिपीचे असतील असं वाटलं नव्हतं. खाटेवर त्यांची बिडीची राख मी रोज झटकायचो.

मग मला त्याचा कंटाळा आला. मला नीटनेटक्या गोष्टींचा येतोच. एका सकाळी मी शून्यांऐवजी ५३०९ लावून ठेवला. बघू मामा काय करतात.

संध्याकाळी आकडा ५३०९.

दुसऱ्या दिवशी ८८४१. संध्याकाळी ८८४१. तिसऱ्या दिवशी ९८७६. संध्याकाळी ९८७६. मी खूष झालो. म्हातारा खेळतोय आपल्यासंगं! सकाळचा आकडा ध्यानात ठेवतो, खोलीवर जातो, झोपतो, उठतो, परत येतो आणि मी लावलेलाच आकडा लावून ठेवतो. एवढी स्मरणशक्ती असलेला माणूस मागावर कशाला, मामलेदार कचेरीत पाहिजे.

एकदा पाळी बदलताना मी त्यांना ओठांनी विचारलं, "आकडा ध्यानात कसा ऱ्हातो?" मागांच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येत नाही, सगळे एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलतात. मामा हल्ली कान पुढं करायचे. त्या आवाजात. मी ते खास ध्यानात ठेवलं, नकलेला उपयोगी पडेल म्हणून.

त्याच सुमारास मामांना उशीर होऊ लागला. सातला येणारा माणूस सव्वासातला, कधी साडेसातला. ते येईपर्यंत मला मागांवर उभं राहावं लागायचं. चौगुले घड्याळाकडं बघायचा आणि काही बोलायचा नाही.

"पंक्चर झालती काय मामा?" एकदा मी दारात गाठून विचारलं.

"न्हाई. वारं होतं समोरनं."

"काल सकाळी जातानाबी म्हणालासा, वारं समोरनं."

"वारं फिरतंय हल्ली," मामा म्हणाले आणि आत गेले.

त्यांच्या डाव्या खांद्यावर पोत्याचा तुकडा घडी करून ठेवलेला असायचा. विचारलं तर म्हणाले, खांदा धरलाय, ऊब लागती. मी यावरही दोन-तीन चांगले विनोद केले. आता आठवत नाहीत.

मग एक दिवस संध्याकाळी पाचलाच लाईट गेली. भारनियमनाचे दिवस होते, पण त्या वेळेला जात नसे. चौगुले म्हणाला, आता पाळी सुटेपर्यंत येत नाही, जावा घरला. सायकल मामांकडं होती, म्हणून मी पायी निघालो. ओढ्याच्या पुलावर शेंगा घेतल्या आणि कठड्यावर बसून खात होतो. ऊन अजून होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं.

रस्त्यावरून मामा येत होते. सायकल त्यांच्या खांद्यावर होती.

दांडी डाव्या खांद्यावर, पोत्याच्या घडीवर. एक हात पुढच्या चाकाला, चालताना हँडल तोंडावर येत होतं म्हणून मान वाकडी. मागच्या चाकात आमची साखळी. मामा वीस-पंचवीस पावलं चालायचे, सायकल खाली ठेवायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, पुन्हा उचलायचे. समोरून एक टेम्पो आला, ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "काका, सायकल दमली काय?" मामा चालत राहिले.

मी कठड्यावरून उतरून झाडामागं झालो. का, ते सांगता येत नाही. मामा माझ्यासमोरून गेले. मग मी लांबून त्यांच्या मागं चालत गेलो.

कारखान्याच्या वळणावर त्यांनी सायकल खाली ठेवली. पोत्याच्या घडीनं दांडी पुसली, तोंड पुसलं. मग मागचं चाक कॅरिअरला धरून उचललं आणि पुढच्या चाकावर सायकल ढकलत, सहज चालत आल्यासारखे भिंतीपाशी आले. लावली. आणि खाली बसले. दोन्ही हात कुलपाशी नेले. अंगठा हलवला, एकदा, दोनदा. साखळी ओढून बघितली, बसली का नीट म्हणून. उठले. हात झटकले.

मुळात कुलूप उघडलंच नव्हतं. ते लावल्याचं नाटक चाललं होतं. रस्त्यावर बघायला कोणी नव्हतं, तरीही.

एवढी चांगली नक्कल मी जन्मात बघितली नव्हती. पोट दुखेपर्यंत मला हसू आलं. मामा आकडा विसरले, असं मला वाटलं. सतरा ते वीस, रोज ज्या मागांवर उभे राहतात त्यांचे आकडे, आणि विसरले! आणि विचारायची लाज वाटते म्हणून महिनाभर सायकल खांद्यावरून नेतात. म्हणजे सायकल चालवायला घेतली आणि सायकलच मामांना चालवतीय. याच्यापेक्षा चांगली गोष्ट मला पुन्हा कधी मिळणार होती?

मी तडक चहाच्या गाड्यावर गेलो. लाईट नसल्यानं सगळे तिथंच होते. सहा जण. चौगुले जॉबरही, हातात ग्लास.

मी सांगितलं नाही, करून दाखवलं. गाड्याचं लाकडी बाकडं उचलून डाव्या खांद्यावर घेतलं. मान वाकडी. वीस पावलं, ठेवणं, कमरेवर हात, उसासा. टेम्पोवाला मीच, मामाही मीच. मग बाकड्याचा मागचा पाय धरून ते ढकलत आणणं. मग खाली बसून कुलूप लावणं. शेवटी हात झटकून उठणं, ते तर इतकं जमलं की चहावाल्याच्या हातातून गाळणी पडली.

सगळे हसले. चौगुले सगळ्यांत मोठ्यानं हसला. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. मग पाणी पुसता पुसता त्यानं विचारलं, "पण उघडत का न्हाईत?"

"आकडा विसरलाय म्हातारा."

"कुठला आकडा हाय?"

"सतरा वीस."

चौगुलेनं ग्लास गाड्यावर ठेवला. "ते कसं विसरतील? गेल्या आठवड्यात मला त्यांनी त्यांच्या लग्नातल्या वऱ्हाडाची संख्या सांगितली." त्यानं कारखान्याकडं बघितलं. "त्यांना आकडं दिसत नसतील, लेका."

मी बाकडं अजून धरून उभा होतो.

"आकडं दिसत न्हाईत, तर तुटलेली तार कशी दिसती?" चौगुले म्हणाला. मला विचारत नव्हता. "मागातनं धोटा उडून कुणाच्या अंगावर गेला तर कसा दिसंल? शेजारच्या मागावर माणसं हैत."

"नक्कल होती ओ," मी म्हणालो.

"चांगली होती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल भिंतीला लावली. साखळी घातली. हात सवयीनं फिरला. ७३७३. आदल्या दिवशी एवढं सगळं कळल्यावर त्या दिवशी तरी आकडा फिरवायचा नव्हता, हे मला नंतर सुचलं. मला गोष्टी नंतर सुचतात. आधी सुचतात ते विनोद.

सात वाजता चौगुले मामांना घेऊन बाहेर आला. मला आतून हातानं बोलावलं. सकाळचं ऊन भिंतीवर पडलं होतं.

"मामा," चौगुले म्हणाला. आवाजात राग नव्हता. "ह्या पोराचं कुलूप मला बघायचं हाय. माझ्या पोरीला सायकल घ्यायची म्हणतोय. उघडून दावा जरा."

मामा माझ्याकडं वळले. माझ्याकडं नव्हे, माझ्या थोडं डावीकडं. तिथं भिंत होती.

"शीतलला सांगा की," ते म्हणाले. "त्याला चांगलं जमतंय."

"तुम्ही दावा."

मामा खाली बसले. कुलूप हातात घेतलं, डोळे मिटले. मी जवळ उभा होतो, मला ऐकू आलं. पहिलं चाक, टिक. एकदा. दुसरं चाक, सात वेळा टिक, सावकाश. तिसरं, दोन वेळा. चौथ्याला हातच लावला नाही. मग ओढलं. कुलूप निघालं नाही.

पुन्हा बोटं चाचपून त्यांनी तसंच केलं. एक, सात, दोन. ओढलं.

"राहू दे मामा," चौगुले म्हणाला.

"थांब की. निघतंय. आधी निघत होतं," मामा म्हणाले आणि तिसऱ्यांदा सुरू केलं.

मला बघवेना. मी वाकलो, त्यांच्या हातातून कुलूप घेतलं आणि दोन सेकंदांत उघडलं. मदत म्हणून केलं मी ते. उघडलेलं कुलूप हातात धरून उभा राहिलो तेव्हा चौगुलेनं मान दुसरीकडं वळवली.

त्या रात्री मामांच्या मागांवर बदली माणूस उभा राहिला. दोन नावांपैकी एक ठरलं होतं, दिवाळीची वाट बघायची गरज उरली नव्हती.

मी खोलीवर आलो तेव्हा मामा खाटेवर बसले होते. कामाच्या दिवशी, दिवेलागणीला आम्ही दोघं एकाच वेळी खोलीत, असं पहिल्यांदाच होत होतं. दोघांना एकदम वावरायला ती खोली पुरत नाही, हे तेव्हा कळलं. पिशवी भरून ठेवलेली होती.

"जेवलास?" मामांनी विचारलं.

"न्हाई."

"भाकरी हाय झाकून."

मी भाकरी घेतली नाही. उभाच राहिलो.

"मोतीबिंदू हाय," मामा म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. शिबिरात फुकट काढत्यात म्हणं. पण महिनाभर मागावर जायचं न्हाई म्हणत्यात. महिनाभर माग रिकामं ठेवतोय का कोण? उन्हाळ्यात काढणार होतो. बसूचं झालं की."

"मला सांगायचं की मामा."

"तुला?" मामा हसले. "तुझ्या पोटात काय ऱ्हातंय गा?"



"पहिल्यांदा जमलं होतं की रं," ते पुढं म्हणाले. "तू सगळी शून्यावर ठेवायचास. मी टिक मोजायचो. एक, सात, दोन. निघायचं. संध्याकाळी परत शून्यावर आणून ठेवायचो, तुला घोळ नको म्हणून. मग एक दिवस निघंनाच. मला वाटलं, कुलूप बिघडलं. तुला सांगितलं असतं तर म्हणाला असतास, चालतंय की, हे बघा. पण तू तर रोज उघडत होतास, तवा कळलं, तू आकडं फिरवून ठेवतोस. कुठनं मोजायला सुरुवात करायची, तेच कळंना."

मला काहीच वाटलं नाही. खरं सांगतो. आत काहीतरी वाटण्याची जागा असते, तिथं लाईट गेल्यासारखं झालं. मी भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत होतो. त्याला काही अडकवलेलं नव्हतं.

"सायकल तिथंच सोडायची की," मी म्हणालो. "पायी यायचं."

"आणि तुला कळंल की. सायकल कशी न्हेली न्हाई म्हणून विचारशील चारचौघांत."

हे बरोबर होतं. मी विचारलं असतं. चारचौघांतच विचारलं असतं.

थोड्या वेळानं मामा म्हणाले, "गाड्यावर करून दावलंस म्हणं."

मी भाकरीवरचं झाकण उचललं, परत ठेवलं.

"चौगुले सांगत होता, लई झकास केलंस. चहावाल्यानं गाळणी टाकली." ते खाटेवर जरा मागं सरकले, जागा करून दिली. "दाव की. कसं केलंस?"

"नको मामा."

"दाव गा. सगळ्यांनी बघितलं, मीच बघितलं न्हाई."

खोलीत बाकडं नव्हतं. मी पाण्याची रिकामी घागर खांद्यावर घेतली. वीस पावलं चालायला जागा नव्हती, म्हणून दारापासून चुलीपर्यंत चार पावलं चाललो, ठेवली, कमरेवर हात, उसासा. पुन्हा उचलली. टेम्पोवाल्याचं वाक्य म्हटलं. मग घागर फरशीवर ढकलत आणली. खाली बसलो. कुलूप लावलं. साखळी ओढून बघितली. उठलो, हात झटकले.

मामा माझ्या थोडं डावीकडं बघत होते. ऐकत होते म्हणायला पाहिजे. घागरीचा आवाज, माझ्या पायांचा आवाज. मग हसले. खरंच हसले, पोटातून, खोकला येईपर्यंत.

"खांदा कुठला घेतलास?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. गाड्यावर बरोबर घेतला होता. आता चुकला होता. "उजवा."

"मी डाव्यावर न्हेत होतो. उजव्याला आधीपास्नं दुखणं हाय."

"पुन्हा करतो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. भाकरी खा."

खाट एकच होती. मी खाली झोपलो, ते म्हणाले तू वर झोप, सकाळी तुला पाळी हाय. मी म्हणालो, तुम्ही झोपा. दोघंही खाली झोपलो. वाकळ खाटेवर राहिली.

सकाळी त्यांना एस्टीत बसवून देतो म्हणालो. तर म्हणाले, सायकलवरनं सोड स्टँडपर्यंत, डबलसीट. मी कुलूप काढलं. मामा कॅरिअरवर पिशवी मांडीवर घेऊन बसले. एकदाच म्हणाले, "चांगली पळती की रं ही." महिनाभर त्यांनी ती सायकल वाहून नेली होती, तिच्यावर बसले नव्हते.

दिवाळी झाल्यावर जुने माग गेले, नवे आले. नव्यांवर आधीपेक्षा कमी माणसं लागली, त्यांतली काही नवीन, तरुण. एका सकाळी पाळी बदलताना माझ्यासमोर एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा उभा होता. चौगुलेनंच बोलावून घेतलं होतं. त्याला वाटलं, एवढं तरी करावं.

"बसवराज म्हेत्रे," मुलगा म्हणाला. "अप्पांनी सांगितलंय, खोली तुमच्यातच हाय म्हणून."

"आयटीआय?"

"सोडलं."

मी त्याला कुलपाचा आकडा सांगितला. त्यानं वाकून एका झटक्यात उघडलं. आकडे स्वच्छ दिसतात त्याला. वाकळ पुन्हा गरम राहू लागली.

पुढच्या शिमग्याला मामांचे मोतीबिंदू निघाले, फुकटच्या शिबिरात. मुलाला भेटायला आले तेव्हा कारखान्याच्या दारात जाड भिंगांचा चष्मा लावून उभे होते. मी बाहेर आलो. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं.

"तू शीतल व्हय?" म्हणाले. "मला वाटलं जरा उंच असशील."

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. कारखान्याच्या जागी मंगल कार्यालय झालंय. बसवराज दुसरीकडं मागावर आहे, आता त्याचे आठ आहेत. मामा मागच्या साली गेले. मी मातीला गेलो नव्हतो, मला निरोप उशिरा मिळाला. नकला मी करत नाही. लग्नाकार्यात लोक आग्रह करतात, तेव्हा घसा बसलाय म्हणतो. पण परवा एका पत्राचा मसुदा करून ठेवलाय. कुठं पाठवायचं ते ठरलेलं नाही, कारण घेणारं कोणी उरलेलं नाही. तरी मजकूर असा :

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
(कारखाना बंद असल्यास जे कोणी जागेवर असतील ते)

विषय : तोंडी सादर केलेला विनोद मागे घेण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, चौदा वर्षांपूर्वी भारनियमनाच्या दिवशी सायंकाळी चहाच्या गाड्यावर मी जो विनोद करून दाखविला, तो मूळ तारखेपासून रद्द समजण्यात यावा. सदर विनोदावर हसलेल्या सहा इसमांनी आपापले हसू पंधरा दिवसांचे आत कार्यालयात जमा करावे. तसेच श्री. इराप्पा म्हेत्रे यांना त्यांच्या मूळ मागांवर, त्यांच्या मुलाचे आयटीआय पूर्ण होईपर्यंत, विनाविलंब रुजू करून घ्यावे.

अर्जदारास कल्पना आहे की श्री. म्हेत्रे हयात नाहीत व मुलाचे वय सध्या तेहतीस आहे. सदर बाबी तांत्रिक स्वरूपाच्या असून त्या कारणास्तव अर्ज फेटाळू नये, ही नम्र विनंती.